खेळाचा नियम आणि नियमाची भाषा

शाळेत ज्यांचे मन रमत नाही अशा कुमारवयीन मुलांना व्हिडिओ गेमची रचना शिकवावी, ती पुस्तकातून न शिकवता प्रत्यक्ष कृतीतून शिकवावी, म्हणजे शिक्षणाविषयीची त्यांची उदासीनता आपोआप ओसरेल, असा एक विचार गेल्या काही वर्षांत आपल्याकडे वारंवार मांडला जात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगची ओळख आणि दप्तराविना दहा दिवसांचा व्यवसायानुभव सुचविला. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, गेमिंग आदी क्षेत्रांसाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली. २०२५ मध्ये याच विषयांना वाहिलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था मुंबईत सुरू झाली. वारे कोणत्या दिशेचे आहे हे यावरून ध्यानी येईल. विचार मुळात त्याज्य आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. परंतु त्याच्या समर्थनार्थ पुढे केली जाणारी कारणे पुष्कळशी दुर्बळ आहेत, आणि दुर्बळ कारणांवर उभारलेला उपक्रम पहिल्या उत्साहाबरोबरच संपतो. त्या कारणांची परीक्षा येथे करावयाची आहे, आणि ती भाषाभ्यासकाच्या बाजूने करावयाची आहे. परीक्षेस एखादे विवक्षित स्थळ डोळ्यांपुढे असावे म्हणून नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर घेतले आहे. तेच का, याचा खुलासा पुढे यथास्थळी येईल.

प्रथम या मुलांना आपण काय म्हणतो ते पाहावे. मराठीत त्यांच्यासाठी शब्दांची वाण नाही: उनाड, मठ्ठ, ढ, वाया गेलेला. यांतील प्रत्येक शब्द मुलाच्या अंगी एक गुण चिकटवतो आणि शाळेला चित्रातून काढून घेतो. याउलट ‘त्याचे मन शाळेत रमत नाही’ ही आपल्या घरगुती भाषेतील वाक्यरचना पाहा. तिच्यात कर्ता मुलगा नसून मन आहे, आणि ‘शाळेत’ हे अधिकरण वाक्याबाहेर काढताच येत नाही. शाळा आणि मूल यांमधला संबंध तुटला आहे, एवढेच हे वाक्य सांगते. दोष कोणाचा हे सांगत नाही. शिक्षणाच्या विचारास हीच रचना अधिक उपकारक आहे. उपाय मुलावर करावयाचा की संबंधावर, हा प्रश्न तीमुळे निदान उघडा तरी राहतो.

आता ‘प्रत्यक्ष कृती’विषयी. डॉ. आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांनी हा विचार जगभर पोहोचविला; १९३७ मध्ये वर्ध्यास मांडल्या गेलेल्या गांधीजींच्या नयी तालीमने त्याला हातमागाचे आणि शेताचे रूप दिले. महाराष्ट्रात त्याचा सर्वांत कसोशीचा प्रयोग झाला तो शिरूर तालुक्यातील पाबळ येथे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला आणि शाळेने टाकलेल्या, किंवा ज्यांनी शाळा टाकली अशा मुलांना लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन यांतून शिकविण्यास आरंभ केला. पुढे हाच अभ्यासक्रम आठवड्यातून एक दिवस या प्रमाणात माध्यमिक शाळांत गेला. आणि २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नील गेर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळास फॅब लॅब उभी राहिली. पाबळच्या पद्धतीचे मर्म असे की, तेथे मुलाने केलेल्या कामाचा निकाल शिक्षक देत नाही. वितळजोड कच्चा असेल तर फाटक निखळते. तारांची जोडणी चुकली तर दिवा लागत नाही. शिवाय ते फाटक गावातल्या कोणाचे तरी असते, आणि तो मनुष्य दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतो. ज्या मुलाला वर्षानुवर्षे लाल शाईतच आपला निकाल कळला, त्याला वस्तूकडून आणि गिऱ्हाइकाकडून तो कळणे यात मोठे औषध आहे.

मग असा प्रश्न येतो की, व्हिडिओ गेममध्ये वस्तू कोणती आणि गिऱ्हाईक कोण? हा प्रश्न न विचारताच ‘गेम करणे म्हणजे कृती’ असे गृहीत धरले जाते. पुष्कळशा कार्यशाळांची रीत परिचित आहे. शिक्षक पडद्यावर एक तयार गेम दाखवितो, मुले त्याच्या सूचनांप्रमाणे एकामागून एक आज्ञा जोडतात, तासाअखेरीस सर्वांच्या पडद्यांवर तेच मांजर तोच चेंडू झेलते, आणि छायाचित्र घेतले जाते. यात हात हलतो हे खरे. पण फळ्यावरचे उतरवून घेतानाही हात हलतच होता. ज्या मुलाचे मन नकलून काढण्यात रमले नाही त्याला आपण रंगीत नक्कल दिली, एवढाच फरक पडतो. पहिले दोन दिवस नवलाई टिकते. दप्तराविना दहाच दिवस असल्यामुळे ती संपल्याचे कोणाच्या फारसे ध्यानात येत नाही, ही गोष्ट निराळी.

या क्षेत्रातील ज्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो तो यास्मिन काफाई यांचा. सीमूर पॅपर्ट यांच्या परंपरेत वाढलेल्या या विदुषीने बॉस्टनच्या एका शाळेतील चौथीच्या सोळा मुलांकडून, त्यांच्याहून लहान मुलांना अपूर्णांक शिकविणारे गेम लोगो या संगणकीय भाषेत तयार करून घेतले. १९९५ मध्ये त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुले महिनोन्‌महिने गुंतून राहिली हे त्यातून दिसते, आणि तेवढेच बहुधा उद्धृत होते. परंतु त्याच पुस्तकातील दुसरी गोष्ट अधिक विचारार्ह आहे. बहुतेक मुलांच्या गेममध्ये अपूर्णांक हा खेळाचा भाग झालाच नाही. नायक साहसास निघतो, वाटेत कोणीतरी त्याला अडवून अपूर्णांकाचा प्रश्न घालतो, उत्तर बरोबर आले की वाट मोकळी होते. म्हणजे प्रश्न हा जकातनाका झाला. मुलांनी आपल्याला शाळेत मिळालेली वागणूकच तेथे पुन्हा उभी केली असे म्हणावयास हरकत नाही. मोकळेपणा दिला तरी मनातील जुने साचे असे सहजासहजी सुटत नाहीत.

तेव्हा गेमच्या रचनेत शिकण्यासारखे नेमके काय आहे ते निश्चित केले पाहिजे. चित्रे, ध्वनी, आज्ञावली ही सर्व महत्त्वाची अंगे होत. पण चित्र काढणे चित्रकलेच्या तासालाही शिकता येते. खेळाला खेळपण देते ती नियमांची व्यवस्था. खो-खो पाहा. आठ गडी चौकोनांत आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले, नववा पाठलाग करणारा. पळणाऱ्याने बसलेल्या गड्यांमधून कसेही जावे. पाठलाग करणाऱ्याने मात्र मधली पाटी ओलांडावयाची नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरावयाचे नाही. या दोन निर्बंधांपैकी एक काढून टाका. खो देण्याचे प्रयोजनच उरत नाही आणि खेळ साध्या शिवाशिवीत कोसळतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी हे नियम लेखनिविष्ट केले, तेव्हा त्यांनी केलेले काम आजच्या भाषेत गेमच्या रचनेचेच होते. आणि ते भाषेचे काम होते. मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला संकेत, वाद उद्भवू नये अशा वाक्यात बांधणे, हे सोपे नसते.

येथे मराठी मुलाजवळ किती भांडवल आहे याची शिक्षकास बहुधा कल्पना नसते. ज्याला निबंधाच्या दहा ओळी जमत नाहीत असा मुलगा विटीदांडूच्या मैदानात पंधरा मिनिटे अस्खलित कायदेपंडितासारखा बोलतो. ‘टप्पा पडल्यावर झेल धरत नाहीत’, ‘तसं ठरलं नव्हतं’, ‘राज्य त्याच्यावर आहे, माझ्यावर नाही’. त्याच्या शब्दसंग्रहात डाव, भिडू, राज्य, बाद, टाइमप्लीज अशा संज्ञा आहेत आणि प्रत्येकीचा अर्थ व्याख्येइतका काटेकोर आहे. खेळाच्या भाषेचे जतनसामर्थ्यही विलक्षण असते. विटीदांडूत मोजताना येणारे वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द मराठीच्या कोणत्याही संख्याशब्दांशी जुळत नाहीत; तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्याशी ते उघडउघड जुळतात. द्राविड भाषांशी असलेल्या आपल्या जुन्या शेजाराचा हा पुरावा मुलांनी जपला. सागरगोट्यांत आधी एकेक, मग दोनदोन, मग तीनतीन खडे उचलावयाचे असतात. काठिण्याची पायरीपायरीने वाढ हे जे तत्त्व आज गेमरचनेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवितात, ते आपल्या मुलींना खेळातून फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि ‘कच्चे लिंबू’! धाकट्या भावंडाला खेळात घ्यावयाचे, पण त्याला बाद करावयाचे नाही, आणि त्याने कोणाला बाद केले तर ते धरावयाचे नाही. तीन पोटनियमांची ही तरतूद एका शब्दात सांगणारी संज्ञा इतक्या लहान वयाच्या समाजाने घडविली, याचे कौतुक आपल्या कोशकारांनी पुरेसे केलेले नाही.

आता या मुलास यंत्रापुढे बसविले म्हणजे काय होते ते एका उदाहरणाने पाहू. शिवाशिवीचा नियम मराठी मूल ‘हात लागला की बाद’ असा सांगते. ‘लागला की’ या रचनेत क्रिया पूर्ण झाल्याचा क्षण पकडलेला आहे. तो क्षण आला की परिणाम एकदाच आणि तत्काळ. ‘हात लागत असेल तर’ ही रचना वेगळी आहे. ती घटना सांगत नाही, चालू असलेली स्थिती तपासावयास सांगते. शाळांतून सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या, २००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबने प्रसृत केलेल्या स्क्रॅच या साधनात कळ दाबली जाणे ही घटना आहे. तिच्यासाठी स्वतंत्र ठोकळा आहे. परंतु एका चित्राने दुसऱ्यास शिवणे ही तेथे घटना नाही, स्थिती आहे. म्हणून मुलाला लिहावे लागते ते असे: सतत तपासत राहा, आणि शिवत असेल तर एक जीव कमी कर. परिणामी भूत खेळाडूस एकदाच शिवते आणि क्षणार्धात त्याचे सगळे जीव संपतात, कारण स्पर्श टिकून आहे तोवर यंत्र पुनःपुन्हा तपासते आणि प्रत्येक वेळी एक जीव कापते. नवशिक्याच्या पहिल्या गेममध्ये ही चूक हमखास आढळते.

ही चूक दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. शिक्षक पुढे होऊन एक ‘थांब’ ठोकळा जोडून देतो आणि गेम चालू लागतो; हा पहिला. दुसरा असा की, शिक्षकाने मुलास विचारावे, ‘तू काय म्हणाला होतास? लागला की, की लागत असेल तर?’ मराठी ज्याची मातृभाषा आहे त्या मुलाला हा भेद शिकवावा लागत नाही. तो त्याच्या जिभेवर आहे, फक्त जाणिवेत आणावयाचा आहे. एकदा तो जाणिवेत आला म्हणजे ‘लागत असेल तर’ वरून ‘लागला की’ कसे मिळवावे, म्हणजे स्पर्श सुटेपर्यंत पुढची तपासणी रोखून कशी धरावी, हे त्याचे त्याला शोधता येते. व्याकरणात ज्याला आपण क्रियाव्याप्ती म्हणतो आणि जो विषय पदव्युत्तर वर्गातही कंटाळवाणा ठरतो, त्याची गरज चौदा वर्षांच्या मुलास अशी भासावी, हे माझ्या मते या सर्व उपक्रमाचे सर्वांत बलवत्तर समर्थन आहे. कार्यशाळांच्या पुरस्कर्त्यांकडून ते ऐकावयास मिळत नाही. कारण उघड आहे: कार्यशाळा इंग्रजी आज्ञांच्या ठोकळ्यांपासून सुरू होते आणि मुलाने आपला नियम आपल्या वाक्यात आधी मांडावा यासाठी तीत वेळच नसतो. ‘इफ’ला ‘जर’ आणि ‘रिपीट’ला ‘पुनरावृत्ती करा’ असे मराठी प्रतिशब्द चिकटविल्याने हे साधणार नाही. मैदानावरचे कोणतेही मूल ‘जर हात लागला तर बाद’ असे म्हणत नाही. जर-तरची जोडी ही पाठ्यपुस्तकातली. मैदानाला ‘की’ पुरतो.

शनिशिंगणापूरकडे वळण्याचे कारण आता सांगता येईल. व्हिडिओ गेममधील अडथळ्यांत सर्वांत रूढ अडथळा कुलूपबंद दाराचा होय. दार बंद, किल्ली दुसरीकडे. किल्ली आणा, दार उघडा, पुढच्या दालनात जा. बॉस्टनच्या मुलांचा अपूर्णांकाचा जकातनाका हा याच दाराचा प्रकार. पण ज्या गावातील घरांना परंपरेने दारेच नाहीत, चौकटीवर फार तर पडदा असतो, चोरी करणाऱ्यावर शनीचा कोप होतो या श्रद्धेवर जेथे मालमत्ता सुरक्षित मानली जाते, आणि जेथे २०११ मध्ये युको बँकेने कुलपाविना शाखा उघडली, त्या गावच्या मुलांना आपल्या गावाचा गेम करावयास सांगितला तर ते अडथळा कशाचा करतील? दार-किल्लीचा साचा तेथे लागूच पडत नाही. असा प्रयोग कोणी केला आहे असे मला म्हणावयाचे नाही; तो करून पाहण्याजोगा आहे, एवढेच सुचवावयाचे आहे.

मुलांना जो प्रश्न सोडवावा लागेल तो असा: प्रत्येक घरात शिरता येते, प्रत्येक वस्तू उचलता येते, तरी उचलू नये असे खेळाडूस का वाटावे? ‘उचलली की शिक्षा’ हा नियम सर्वांत सोपा. पण मग तो खेळ आणि पोलिसाचा दंडुका यांत फरक नाही. गावची श्रद्धा तशी तत्काळ नाही. कोप केव्हा, कोणत्या रूपाने होईल हे कोणास ठाऊक नसते. तेव्हा नियम कदाचित असा होईल की, उचलल्यावर लगेच काहीच घडत नाही, पुढे कधीतरी काहीतरी बिनसते, आणि ते त्यामुळेच बिनसले की आपोआप, याचा निर्णय खेळाडूने करावा. येथे ‘की’ आणि ‘तर’ यांच्याबरोबर ‘म्हणून’ आणि ‘कदाचित’ यांचीही गाठ पडते. कार्यकारणभावाची भाषा येते. श्रद्धाळू घरातला मुलगा आणि न मानणारा मुलगा यांचे या नियमावर एकमत होणार नाही, आणि वाद नियमाच्या शब्दांवरून होईल. श्रद्धेची खिल्ली न उडवता आणि तिची भलावणही न करता तिचे यंत्र उलगडून पाहण्याची ही एक सभ्य वाट आहे. नियम मनुष्ये घडवितात आणि बदलतात याचा अनुभवही त्या गावाला नवा नाही. २०१५ मध्ये तेथे पोलीस ठाणे आले. आणि स्त्रियांनी चौथऱ्यावर जाऊ नये हा दीर्घकालीन निर्बंध उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर एप्रिल २०१६ मध्ये गळून पडला.

याच तालुक्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि मोक्षपट या सोंगट्यांच्या खेळाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडेच देते. उपलब्ध पट त्या काळाच्या कितीतरी नंतरचे असल्यामुळे ही परंपरा इतिहास म्हणून स्वीकारणे कठीण आहे. परंतु पटाची रचना स्वतंत्रपणे विचारार्ह आहे. घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे, सद्गुणांपासून वर नेणाऱ्या शिड्या, दुर्गुणांच्या घरी खाली ओढणारे साप. नीतिविचार उपदेशातून सांगण्याऐवजी घरे आणि चाली यांतून सांगण्याचा तो प्रयत्न आहे. त्याचे वैगुण्यही तेथेच दिसते: दान फाशाचे असल्याने सद्गुणाच्या घरात येण्यात खेळणाऱ्याचे कर्तृत्व काहीच नसते. शिंगणापूरच्या वर्गात पहिला पाठ मोक्षपटाचा द्यावा, आणि हे वैगुण्य काढण्यासाठी कोणता नियम बदलावा, असा प्रश्न घालावा. त्यासाठी पुठ्ठा, खडू आणि चिंचोके पुरतात. व्यवसायातील रचनाकारही पहिला मसुदा पुष्कळदा कागदावरच करतात. तेव्हा ही गरिबाची तडजोड आहे असे समजण्याचे कारण नाही.

पाबळच्या फाटकाचा प्रश्न येथे सुटतो. गेममधील वस्तू म्हणजे लिहिलेला नियम, आणि गिऱ्हाईक म्हणजे तो खेळणारा दुसरा मुलगा. नियमात फट असेल तर तो ती पाच मिनिटांत शोधतो, तिचा फायदा घेतो आणि वर ‘तू असं कुठं लिहिलंस?’ असे विचारतो. नियमकर्त्याला मग आपले वाक्य दुरुस्त करावे लागते. लेखनाची दुरुस्ती करण्याचे इतके निकडीचे कारण निबंधाच्या वहीत सहसा आढळत नाही. मात्र यासाठी रचनापत्र, म्हणजे नियमांचा लिखित मसुदा, मुलाच्या बोलीत लिहू दिला पाहिजे. ‘लागला’च्या जागी ‘स्पर्श झाला असता’ असे सुधारून देण्याचा मोह शिक्षकाने आवरला पाहिजे. प्रमाणभाषेकडे जावयाचे ते पुढे, दुसऱ्या गावच्या मुलांना नियम कळत नाहीत असे आढळेल तेव्हा.

आक्षेप दोन आहेत. पहिला पालकांचा. गेम या शब्दाने त्यांच्या मनात पब्जी आणि पैशाची रमी उभी राहते, आणि ती भीती निराधार नाही; २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेस कायद्याने बंदी घालावी लागली. ‘गेम करणे’ याचा बोलीतील अर्थ काटा काढणे असा आहे, हेही पालक जाणतात. यावर उत्तर एवढेच की, फासे कसे घडवितात हे ज्याने पाहिले आहे तो त्यांना भुलण्याचा संभव कमी. निश्चिती मात्र कोणी देऊ नये. दुसरा आक्षेप उपजीविकेचा. या व्यवसायाची भाषा इंग्रजी आहे, ‘राजी’सारखा २०२० मधील नावाजलेला गेम पुण्यात तयार झाला तरी त्याची बाजारपेठ जग होती, मग मराठी नियमलेखनाचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. परंतु शिंगणापूरसारख्या गावी उपजीविकेचे गणित याहून जवळचे असते. पूजासाहित्याची दुकाने, फुले, तेल, शनिवारची आणि अमावास्येची गर्दी, आणि येणाऱ्या गाड्यांना गाठून भाविकांना ठराविक दुकानात नेणारे, ज्यांना स्थानिक वृत्तपत्रे ‘लटकू’ म्हणतात ते तरुण. शब्द लटकणे या धातूवरून आलेला उघडच आहे. एवढी रोकड कमाई रस्त्यावर दिसत असता, वीस वर्षांनी पुण्यात मिळणाऱ्या नोकरीचे आमिष मुलास वर्गात बसवू शकत नाही. उद्योगाच्या मनुष्यबळाची गरज हे या शिक्षणाचे समर्थन म्हणून मांडणाऱ्यांनी त्या रस्त्यावर एक शनिवार काढावा.

शिक्षकाविषयी एक गोष्ट राहते. या वर्गात बहुधा मुले यंत्राशी शिक्षकापेक्षा अधिक सलगीची असतात, आणि स्थानिक खेळांचे नियमही त्यांनाच अधिक ठाऊक असतात. शिक्षकाजवळ असते ती वाक्य तपासण्याची सवय. ती भाषेच्या शिक्षकाजवळ सर्वांत अधिक असावयास हवी. आणि तरीही अशा उपक्रमांची जबाबदारी शाळांतून संगणकाच्या किंवा कार्यानुभवाच्या शिक्षकाकडे सोपविली जाते, मराठीच्या शिक्षकास विचारलेही जात नाही. आपल्या विभागांतून बाहेर पडणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी बरेच जण शाळांत मराठीचे शिक्षक होतात. क्रियाव्याप्तीवरील पुढच्या चर्चासत्रात विटीदांडूच्या मैदानावर ध्वनिमुद्रित केलेला एक तास त्यांच्यापुढे ठेवून ‘की’, ‘तर’, ‘तोवर’ आणि ‘नाहीतर’ यांची नोंद करावयास सांगितली, तर त्या कामास लागणारी सामग्री आपल्याजवळ आजही आहे.